चौतीस घरांचा एक खोकला

आमच्या गल्लीत तिला खोकलेबाई म्हणायला लागले ते गेल्या वर्षापासून. त्याआधी वीस वर्षं ती डोसवाली होती. थंड डबा खांद्याला लावून घरोघर फिरायची आणि पोरांच्या तोंडात थेंब टाकायची. आज ज्या बायका लेकरू कडेवर घेऊन दारात उभ्या राहतात, त्यांच्याही तोंडात लहानपणी तिनेच थेंब टाकलेले. कुठल्या घरातलं पोर औषध थुंकतं, कुठली सासू दार अर्धंच उघडते, कुठल्या जिन्याची तिसरी पायरी हलते, सगळं तिला पाठ. ठेंगणी, अंगाने भरलेली, उजवी चप्पल घासत चालणारी. त्या चपलेचा आवाज आला की पोरं पलंगाखाली शिरायची आणि आया चहाचं आधण ठेवायच्या.

नवरा कुठे असतो असं कोणी नवीन माणसाने विचारलं की म्हणायची, "बाजारात गेलाय. चौदा वर्षं झाली. रांग मोठी असेल." आणि स्वतःच हसायची. लेक आणि सहा वर्षांची नात घेऊन ती तिसऱ्या इमारतीच्या जिन्याला लागून असलेल्या एका खोलीत राहते. लेक गल्लीच्या टोकाला पिशव्या शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते. आमच्या गल्लीत निम्म्या बायका तिथेच बसतात. दिवसभर सुताचा भुगा उडतो, त्यामुळे खोकला आमच्याकडे घरटी एक असतोच.

तिच्या वाट्याला जे आलं त्याची सुरुवात माझ्या स्वयंपाकघरात झाली, म्हणून मीच लिहायला बसले. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण राग सरळ आहे.

माझी थोरली नात विद्यापीठात पीएच.डी. करते. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून समाजाचे प्रश्न सोडवायचे, असा तिचा विषय. मला कोणी विचारलं की मी सांगायचे, ती यंत्राला खोकला शिकवते. खोटं नव्हतं ते. फोनसमोर माणसाने तीनदा खोकायचं, यंत्राने ऐकायचं आणि सांगायचं, या छातीत क्षय असेल की नसेल. जिथे डॉक्टर नाही, छातीचा फोटो काढायचं मशीन नाही, तिथे निदान कोणाला तपासायला न्यायचं हे तरी कळेल. हे तिने मला भाजी निवडता निवडता समजावलं तेव्हा मला भरून आलं होतं. माझी धाकटी बहीण त्याच रोगाने गेली, तिचं लग्न ठरलेलं होतं.

पण यंत्राला शिकवायला खोकले हवेत, हजारांनी. विद्यापीठाच्या दोन मुली गळ्यात कार्डं अडकवून आमच्या गल्लीत आल्या आणि तीन दिवसांत अकरा खोकले घेऊन परत गेल्या. कोणी दारच उघडेना. नात डोकं धरून बसली. मी म्हटलं, "अगं, डोसवालीला घे. तिला कोण नाही म्हणतंय?"

असं मी म्हटलं. तिला कोणी दुसऱ्याने शोधून काढलेलं नाही.

तिला फोन मिळाला, पिशवी मिळाली, दोन दिवस शिकवणं झालं. फोन तोंडापासून एक हात लांब धरायचा, त्या माणसाला दिलेला नंबर टाकायचा, तीन खोकले घ्यायचे. दिवसाला वीस माणसं झाली की फोनवरचं वर्तुळ हिरवं व्हायचं. नाही झाली तर लाल राहायचं आणि संध्याकाळी विद्यापीठातून विचारणा यायची. ती पहिल्याच आठवड्यात खोकलेबाई झाली. तिला ते नाव आवडलं. "डोसवाली असताना पोरं रडायची," म्हणायची, "आता मोठी माणसं रडतात. बढती झाली माझी."

मोठी माणसं रडायची ती उगीच नाही. आमच्याकडे खोकणं ही लपवायची गोष्ट आहे. कारखान्यातली मुकादमीण खोकणाऱ्या बाईला दाराजवळ बसवते आणि महिन्याने दाराबाहेर. घरमालकाच्या कानावर गेलं तर तो खोली रंगवायची आहे, रिकामी करा म्हणतो. लग्नाच्या मुलीच्या घरात कोणी खोकलेलं चालत नाही. अशा घरात फोन पुढे धरून ती म्हणायची, "खोक." सून म्हणायची, "सासरे बसलेत."

"मग त्यांना जरा बाहेर पाठव."

"पाय कुठे चालतात त्यांचे."

"मग तू बाहेर ये."

"बाहेर शेजारीण आहे. तिला ऐकू गेलं तर उद्या कारखाना ऐकेल. ताई, तुम्हीच खोका ना माझ्या नावावर. खोकला तो खोकला. यंत्राला काय कळतंय?"

आणि ती जिन्याखाली जाऊन त्या सुनेच्या नंबरावर तीनदा खोकायची. असं एक घर झालं, मग दुसरं. ज्या बाईच्या लेकरांना तुम्ही थेंब पाजलेत तिला नाही म्हणणं जड जातं. वर ते लाल वर्तुळ. तिला हे चूक वाटलं नाही असं नाही. पण यंत्राला पोतंभर खोकले हवेत, त्यात दोन मुठी आपले गेले तर काय बिघडलं, असा तिचा हिशोब. आम्ही वाण्याकडून धान्य घेतो तेव्हा असाच हिशोब करतो.

आता माझं सांगते. माझी कवळी ढिली आहे. जोरात खोकले की खालची दातपंगत उडी मारते. खोकलेबाई आली तेव्हा घरात पाहुणे होते, सुनेच्या माहेरचे. मी तिला कोपऱ्यात ओढलं आणि म्हटलं, "माझे दात त्या फोनवर जाऊन आदळतील. तू खोक." ती इतकी हसली की तिला खरंच खोकला आला. तोच तिने माझ्या नंबरावर घेतला. वर म्हणाली, "मावशी, नातीला सांगू नका हं. तिच्या यंत्राला वाईट वाटेल." मी शब्द दिला.

दोन-तीन महिने गेले. तिचा आवाज घोगरा झाला. चार शब्द बोलली की थांबायची, खोकायची, मग पाचवा शब्द. विचारलं तर म्हणायची, "धंद्याचा खोकला आहे मावशी. सुताराला लाकूड लागतं, मला खोकला." आम्ही सगळ्या हसायचो. मी तिला कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. अंगही उतरलं तिचं. मीच एकदा म्हटलं, "बारीक झालीस गं, छान दिसतेस." ही गोष्ट लिहिताना पेन बाजूला ठेवावंसं वाटलं, पण लिहिते. आम्ही सगळ्यांनी मिळून तो खोकला चेष्टेवारी नेला.

मग एका दुपारी नात आली. चप्पल न काढताच आत. चेहरा पांढरा. म्हणाली, "आजी, तुला संध्याकाळी बारीक ताप येतो का? भूक लागते का? वजन कमी झालंय का?"

मी म्हटलं, "भूक लागते. काय आणलंस?"

ती हसली नाही. नंबरावर नाव नसतं, पण आजीचं वय आणि घर तिला ओळखता आलं होतं. आमच्या एका गल्लीत यंत्राने चौतीस माणसं संशयित काढली होती, त्यात मी एक. बाकीच्या साऱ्या वस्तीत मिळून नऊ. तिचे मार्गदर्शक, त्यांना सगळे सरच म्हणतात, खूष झाले होते. एवढं मोठं काही सापडणं म्हणजे शोधनिबंध, परिषद, काय काय. नात मात्र मला घेऊन दवाखान्यात धावली. छातीचा फोटो काढला, बेडका तपासला, चार दिवस सून मला खाली वाकू देईना. मला कवळीची गोष्ट आठवत होती. पण शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर चार दिवस सगळे विचारपूस करत होते ते बरंही वाटत होतं. मी गप्प बसले. माझी छाती स्वच्छ निघाली.

मग तपासणीची गाडी गल्लीत आली. चौतीसच्या चौतीस स्वच्छ. सरांचं तोंड उतरलं. त्यांनी ते चौतीस खोकले शेजारी शेजारी लावून दुसऱ्या यंत्राला ऐकवले, आणि त्या यंत्राने सांगितलं की हे चौतीस घसे नाहीत, एकच घसा आहे.

खोकलेबाईला विद्यापीठात बोलावलं. चौथ्या मजल्यावरची खोली, लिफ्ट बंद. नातीनेच मला नंतर सगळं सांगितलं. खोलीत सर, कार्यालयातल्या एक बाई आणि आमची नात. खोकलेबाई चार जिने चढून गेलेली, पाच मिनिटं तिला बोलताच येईना, नुसती खोकत होती. सरांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली. मग विचारलं, "हे खोकले तुमचे आहेत?"

"हो. माझेच."

"का केलंत असं?"

"त्यांना लाज वाटत होती."

"आणि तुम्हाला नाही वाटली?"

"खोकायची? नाही वाटली."

सरांना तो उद्धटपणा वाटला. ती तर विचारलेल्याचं उत्तर देत होती. तिच्याकडून फोन काढून घेतला, पिशवी काढून घेतली, बनावट नोंदी केल्या असं लिहिलेल्या कागदावर सही घेतली. त्याची एक प्रत आरोग्य खात्याकडे गेली, त्यामुळे डोसचं कामही गेलं. वीस वर्षांचं काम. सगळा वेळ ती खोकत होती म्हणून कार्यालयातल्या बाईंनी उठून खिडकी उघडली.

एवढंच केलं त्यांनी. खिडकी उघडली.

नात त्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. दोन वर्षांच्या कामात विष कालवलं म्हणाली, विश्वास ठेवला तीच चूक झाली म्हणाली. मीही तिचीच बाजू घेतली. कवळीचं तेव्हा सांगितलं. ती माझ्यावरही चिडली, आणि बरोबरच चिडली. गल्लीत तर काय विचारता. ज्या बायकांनी हात जोडून तिला आपल्या नावावर खोकायला लावलं, त्याच नळावर म्हणायला लागल्या, "हिच्यामुळे आमच्या दारात तपासणीची गाडी आली. सगळ्या जगाने पाहिलं." ती घराबाहेर पडेनाशी झाली. लेक कामावर गेली की ती आणि तिची छोटी नात दिवसभर त्या एका खोलीत. खिडकी एकच, तीही जिन्याकडे उघडणारी.

पाच-साडेपाच आठवडे गेले. एका रविवारी नात जेवायला आली होती. आनंदात होती. म्हणाली, "आजी, ते घाणेरडे चौतीस काढून टाकले आणि आमच्या मशीनची अचूकता शंभरात ब्याण्णववर गेली."

मी भांडी विसळत होते. पातेलं हातात तसंच राहिलं. मी विचारलं, "त्या चौतीस खोकल्यांना तुझं यंत्र काय म्हणालं होतं?"

"पॉझिटिव्ह म्हणालं होतं. म्हणूनच तर गोंधळ झाला ना."

"म्हणजे आजारी."

"हो."

"चौतीस वेळा म्हणालं, हा घसा आजारी आहे."

"हो आजी, पण ती माणसं आजारी नव्हती."

"माणसं नव्हती गं. घसा कोणाचा होता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. शिकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एखादी गोष्ट उगवते तेव्हा ती फार सावकाश उगवते. सून आतून येऊन काय झालं विचारून गेली, तरी ही तशीच. मग म्हणाली, "आम्ही तो डेटा काढून टाकला, आजी."

मी आयुष्यात नातवंडांवर हात उचललेला नाही. त्या दिवशी पातेलं आपटलं. म्हटलं, "खोटारडी कोण आहे ते शोधायला तुम्ही दुसरं यंत्र आणलंत. ती खोटारडी आजारी आहे हे पहिल्या यंत्राने सांगितलं होतं, ते ऐकायला एक कान नव्हता तुमच्यात? ती तुमच्यासमोर बसून खोकत होती. तुम्ही खिडकी उघडलीत. समाजाचे प्रश्न सोडवताय? समाज चौथ्या मजल्यावर चढून आला होता की तुमच्याकडे."

"आजी, ती यादीत नव्हती." नात म्हणाली. "खोकले गोळा करणाऱ्यांना नंबर देत नाही आम्ही. सहाशे बारा लोकांत ती नव्हतीच. माझ्या डोक्यातच आलं नाही."

तिचं खरं होतं. तिने लपवलं नव्हतं, तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. मला त्याचाच जास्त संताप आला. लपवणाऱ्याला पकडता तरी येतं.

तिने तिथेच सरांना फोन लावला, आवाज मोठा करून. सरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुमची भावना समजते. पण काढून टाकलेल्या डेटावरून आपण कोणाला वैद्यकीय माहिती देऊ शकत नाही. त्या सहभागी नाहीत, त्यांची संमती नाही. समितीपुढे ठेवावं लागेल. पुढची बैठक पंधरा तारखेनंतर आहे."

मी मधेच म्हटलं, "साहेब, मी तिची शेजारीण बोलतेय. माझी कुठलीच समिती नाही. मी जाऊन सांगते."

पलीकडून सर म्हणाले, "आपण कोण?" नातीने फोन बंद केला आणि चप्पल पायात घातली. तेवढं एक तिने झटकन केलं.

खोकलेबाईने दार अर्धंच उघडलं. मी तिला महिनाभर पाहिली नव्हती. गालफडं वर आली होती आणि डोळे मोठे झाले होते. आतून छोटी डोकावत होती.

"या मॅडम," ती नातीला म्हणाली. आधी ती तिला बाळ म्हणायची. "सही राहिली का कुठे?"

नात म्हणाली, "ताई, तुम्हाला तपासणी करायला हवी. उद्याच. त्या खोकल्यांवरून मशीनला वाटतंय की..."

"मशीनला वाटतंय?" ती हसायला गेली आणि खोकली, बराच वेळ. रुमाल तोंडाला लावला. "तुमचे सर म्हणाले ते खोकले खोटे. मी लिहूनही दिलं, खोटे. आता खोट्या खोकल्यात खरा रोग कसा सापडला? एकदा काय ते ठरवा."

"नंबर खोटे होते ताई. खोकला खराच होता."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

नातीने खाली पाहिलं. मला वाटलं आता ही काहीतरी विद्यापीठातलं उत्तर देईल. पण म्हणाली, "लक्षातच आलं नाही. तुमच्यावर रागावण्यात गुंतले होते."

"वा. बरी शिकलात."

"ताई, चला ना."

"नाही यायचं मला. गाडीत बसून गेले की गल्ली म्हणेल, बघा, हीच रोगी होती, आमच्या घरात शिरत होती. निदान खोटारडी आहे तेवढी बरी आहे मी."

आता माझी पाळी होती. मी म्हटलं, "तुझा मान गेला त्याला ही जबाबदार आहे, तिचे सर आहेत, आणि मीपण आहे, माझे दात सांभाळायला तुला खोकायला लावलं. आम्हाला शिव्या घाल, दार लाव तोंडावर. पण ती छोटी दिवसभर तुझ्या तोंडापाशी बसते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना जपत फिरलीस ना? मग आता तुझ्या घरचं पोर आहे."

तिने मागे वळून छोटीकडे पाहिलं. ती पाटीवर काहीतरी गिरवत होती. मग खोकलेबाई म्हणाली, "गाडी नको. चालत जाईन. आणि मॅडम दहा पावलं मागे राहतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तशाच गेलो. पुढे ती आणि मी, मागे दहा पावलांवर माझी नात. वाटेत ती चारदा थांबली. नळावरच्या बायका गप्प होऊन बघत होत्या. त्यातल्या किती जणींच्या नावावर ती खोकली होती ते ती जाणे.

क्षयच निघाला. दोन्ही बाजूंना. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "किती दिवस खोकताय? कोणाच्याच लक्षात आलं नाही?" खोकलेबाई म्हणाली, "आलं होतं. चौतीस वेळा." डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, त्यांनी पुढे लिहायला घेतलं. म्हणाल्या, औषधाने रोग जाईल, पण डावीकडचा खालचा भाग गेलाय, तो परत येणार नाही. दीड-दोन महिने आधी तुम्ही आला असतात तर एवढं झालं नसतं. छोटीच्या अंगातही तो शिरला होता, पण झोपलेला, आजार म्हणून उठलेला नव्हता. तिलाही गोळ्या चालू झाल्या. त्या कडू गोळ्या पाहून छोटी पलंगाखाली शिरायला लागली, आणि तिची आजी तिला बाहेर काढायला वाकली की तिला धाप लागायची.

आता सरांचं ऐका. नातीने त्यांना कळवलं, तर ते जागचे उठलेच. म्हणाले, "म्हणजे मशीन बरोबर होतं. चौतीसपैकी चौतीस वेळा बरोबर." त्यांना ते चौतीस खोकले परत आत घ्यायचे होते. आकडा आणखी चढला असता. एक बाई अर्धी छाती घालवून बसली होती आणि या माणसाला तिच्यात चौतीस बरोबर उत्तरं दिसत होती. काढायचे होते तेव्हा बनावट, घ्यायचे होते तेव्हा पुरावा. माझ्या नातीने मला हे सांगितलं तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, सून वाचते.

नातीने आत घेतले नाहीत. ती म्हणाली, घ्यायचे तर एकच माणूस म्हणून, आणि सगळं लिहून. प्रबंधात तिने दीड पान लिहिलं. कोणी कोणाच्या नावावर का खोकलं, यंत्र काय म्हणालं, आपण काय काढून टाकलं. तो एकच घसा आहे हे कळल्याची तारीख आणि त्या बाईला जाऊन सांगितल्याची तारीख. मधे एकेचाळीस दिवस. सर म्हणाले, हे तळटीपेत टाका, बारीक अक्षरात. ती नाही म्हणाली. तेव्हापासून प्रबंध सरांच्या टेबलावर आहे, सहीवाचून. तिच्या बरोबरचे दोघे पीएच.डी. होऊन गेले. मला तिचं वाईट वाटतं आणि वाटतही नाही. तिचा वेळ चाललाय. दुसरीचं फुप्फुस गेलंय.

यावेळी मात्र तिने एक नीट केलं. ज्या बाईवर लिहिलं तिच्यासमोर ते वाचलं पाहिजे आणि तिची परवानगी घेतली पाहिजे, असं तिनेच ठरवलं. चौथा महिना चालू होता औषधाचा. खोकलेबाई खुर्चीत दारापाशी बसली होती, ऊन अंगावर घेत. लेकीला सुट्टी होती, ती आत घरच्या शिवणयंत्रावर बसली होती. चेहरा थोडा भरला होता. जिना अजून एका दमात होत नाही तिला, अकरा पायऱ्या झाल्या की बसते. नात खाली पायरीवर बसली आणि वाचायला लागली. मी मधे.

चौतीस या आकड्यापाशी खोकलेबाईने हात वर केला. "चूक आहे."

"काय चूक आहे ताई?"

"सदतीस घरं होती. मी मोजलीत."

नातीने कागद खाली केला. "पण यंत्राला चौतीसच..."

"यंत्राला काय सापडलं ते यंत्राला माहीत. मी सदतीस नावांवर खोकले. शेवटच्या आठवड्यात, त्याच जिन्याखाली, त्याच घशाने."

आमच्या नातीने तोंडाला हात लावला. मला जरा वेळाने उलगडलं. त्यांनी एकच घसा शोधला तो फक्त आजारी ठरलेल्यांत. उरलेले तीन खोकले यंत्राने निरोगी म्हणून चांगल्यांच्या ढिगात टाकले होते आणि ते अजून तिथेच आहेत, त्या ब्याण्णवांच्या आत बसलेले.

"कुठली तीन घरं ताई?" नातीने विचारलं. "मला ते काढावे लागतील."

"ते नाही सांगणार."

"ताई, संशोधनासाठी..."

"त्या बायकांना मी शब्द दिलाय. चौतीसांची नावं तुम्ही बाहेर काढलीत, गाडी दारात उभी केलीत. या तिघी सुटल्यात. सुटू दे."

"मग आमचा आकडा कधीच बरोबर होणार नाही."

"नाही होणार," खोकलेबाई म्हणाली. "तसंच लिही. तीन आहेत, कोणाचे ते माहीत नाही, आणि यंत्र तीन वेळा चुकलंय."

नात तिथेच पायरीवर पेन काढून लिहायला लागली. चौतीस खोडलं, सदतीस केलं. खाली तीन ओळी वाढवल्या. या कागदावर सर सही करतील असं तिलाही वाटत नसणार, मला तर नाहीच वाटत. लिहून झाल्यावर तिने कागद परवानगीसाठी पुढे केला. खोकलेबाईने पेन घेतलं, पण सही केली नाही.

"ते दिवसांचं वाक्य परत वाच."

नातीने वाचलं. तो आजारी घसा एकाच बाईचा आहे हे आम्हाला कळलं होतं, आणि आम्ही तिला एकेचाळीस दिवस सांगितलं नाही.

"हळू वाचलंस. लेक आत शिवतेय, तिला ऐकू जाऊ दे. वरच्या मजल्यालाही."

माझी नात उठून उभी राहिली आणि जिन्याकडे तोंड करून तिने ते वाक्य मोठ्याने वाचलं. आतलं शिवणयंत्र थांबलं. वरती कोणीतरी दार उघडलं. मग खोकलेबाईने सही केली.